चिलखत उतरवून बसलेला माणूस

माझ्या धाकट्या भावानं केलेला शेवटचा माणूस माझ्या टेबलावर बसलेला आहे. ‘बाहुली’ म्हटलेलं त्याला चालत नसे आणि ‘मूर्ती’ म्हटलं की आई हात जोडायची, म्हणून तो ‘माणूस’ म्हणायचा. “अण्णा, ह्या माणसाचं मनगट बघ.” “आई, झाडू जरा जपून मार, माणूस पडला.” त्यामुळं आमच्या घरात माणसं बरीच होती. काचेच्या कपाटात फळ्या भरून, सगळी जपानी, सगळी सामुराय, म्हणजे तिकडचे जुन्या काळचे लढवय्ये. बोटभर उंचीची, चिलखत आणि शिरस्त्राण चढवलेली.

हा शेवटचा वेगळा आहे. ह्याच्या अंगावर चिलखत नाही. चिलखत ठेवायच्या लाकडी पेटीवर तो बसला आहे, दोन्ही हात मांडीवर, मान थोडी खाली. रंग दिलेला नाही. ज्या पुट्टीतून घडवला तिचा मूळचा करडा-हिरवा रंग तसाच आहे. भाऊ गेला तेव्हा काम अर्धवट होतं असंही म्हणवत नाही. घडवायचं ते सगळं घडवून झालं होतं. रंग राहिला होता.

तो गेल्यावर काही महिन्यांनी मी ह्या माणसाचा फोटो काढला आणि आम्ही दोघं फोनवरच्या ज्या गटात होतो तिथं टाकला. असली माणसं करणारे, जमवणारे लोक देशोदेशींचे त्या गटात आहेत. भावाचं काम त्यांच्या ओळखीचं होतं. फोटोखाली लिहिलं, माझ्या भावाचं हे शेवटचं काम. सांत्वनाचे शब्द आले, बरेच आले. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी कॉलेजातून येऊन चहा घेत होतो तेव्हा, जपानातल्या एका वयस्कर गृहस्थांनी लिहिलं. फार नम्रपणे लिहिलं होतं. बसण्यातला थकवा खरा उतरलाय, असा थकवा घडवणं अवघड असतं, असं म्हणून शेवटी त्यांनी विचारलं होतं, ‘क्षमा करा, पण हा मृत माणूस दाखवायचा होता का? त्याच्या वस्त्राची उजवी बाजू डावीवर आली आहे.’

मी फोन पालथा ठेवला. चहा तसाच राहिला.

ते म्हणत होते ते खरं होतं. आणि ते मला माहीत होतं, हे त्याहून वाईट. जपानी अंगवस्त्र पुढून उघडं असतं. दोन बाजू छातीवर एकमेकींवर घेऊन कमरेला बांधतात. जिवंत माणूस आपली डावी बाजू वर घेतो. उजवी बाजू वर घेतात ती फक्त प्रेताच्या अंगावर, शेवटच्या कपड्यात. हे मी कधीतरी वाचलेलं होतं. तरी इतके महिने हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता आणि एकदाही काही खटकलं नाही. न खटकण्याचं कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या डोळ्यांना ते बरोबरच दिसतं.

लहानपणी आम्ही टिळकवाडीत भाड्याच्या घरात राहायचो. मागं पेरूचं झाड आणि न्हाणीघराची भिंत, त्यांच्या मधल्या जागेत दरवर्षी दिवाळीला किल्ला व्हायचा. बेळगावात किल्ला कुणाच्या घरी होत नाही? पण आमचा किल्ला बघायला मागच्या गल्लीतली पोरं यायची ती मावळ्यांसाठी. बाजारातून आणलेले मातीचे मावळे पिशवीतच मोडायचे. कुणाचा हात, कुणाची ढाल. भाऊ ते जोडत बसायचा, आणि जोडता जोडता नवे करायला लागला. त्याची रीत ठरलेली होती. आधी धड, मग पागोटं, मग अंगरखा. अंगरख्याची उजवी बाजू डावीवर न्यायची, काडीनं छातीवर तिरकी रेघ ओढायची आणि डाव्या काखेखाली मातीचा बारीक गोळा दाबायचा, ती गाठ. हे त्यानं कडोलीच्या आजोबांवरून, म्हणजे आईच्या वडिलांवरून, घेतलं होतं. म्हातारा शेवटपर्यंत तसलीच बंडी घालायचा. भाऊ त्यांच्यासमोर मातीचा गोळा घेऊन बसायचा आणि म्हणायचा, “आजोबा, हलू नका.”

“अरं मी काय देवळातला देव हाय व्हय, हलू नको म्हनाय? म्हशीला पानी कोन दाखवंल?”

“जरासं थांबा.”

“लौकर कर. न्हायतर माझं शेपटीवालं माकड करशील.”

शाळा संपेपर्यंत किती मावळे केले असतील सांगता येत नाही. दिवाळी झाली की पाऊस-उन्हात ते परत माती व्हायचे. पण ती तिरकी रेघ त्याच्या हातात राहिली.

पुढं तो दातांच्या प्रयोगशाळेत लागला. डॉक्टर मापं पाठवतात, त्यावरून मेणाचे दात कोरायचे, मग ते धातूत, चिनी मातीत उतरवायचे. दिवसभर दुसऱ्यांचे दात करून संध्याकाळी हाताला स्वतःचं काहीतरी हवं असायचं. एक दिवस त्यानं टपालानं एक खोका मागवला. आत प्लॅस्टिकचे सुटे भाग, जोडून रंगवायचा सामुराय. मी हसलो. म्हटलं, “आपल्याकडं काय लढणारे कमी होते, म्हणून जपान?”

“अण्णा, आपल्या मावळ्याला अंगरखा आणि ढाल. रविवारी सुरू केला तर रविवारीच होतो. ह्याला बघ. ह्याच्या नुसत्या दोऱ्या रंगवाय महिना जाईल.”

त्या दोऱ्यांनी आम्हां दोघांना धरलं. सामुरायचं चिलखत म्हणजे लोखंडाचा सलग पत्रा नव्हे. बारीक बारीक पट्ट्या, कधी लोखंडाच्या, कधी कातड्याच्या, गंजू नयेत म्हणून लाखेसारख्या रोगणाचे हात दिलेल्या, आणि सगळ्या रेशमी दोऱ्यांनी एकमेकींना बांधलेल्या. अंग हलेल तसं चिलखत हलतं. कोणत्या घराण्याच्या दोऱ्या कोणत्या रंगाच्या, त्या कशा ओवायच्या, ह्याची शास्त्रं आहेत. तो रंगवायचा आणि मी वाचायचो. इंग्रजी पुस्तकं मागवायची, संग्रहालयांनी इंटरनेटवर ठेवलेले फोटो मोठे करून बघायचे, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्याला सांगायचं. मी मराठीचा प्राध्यापक. वर्गात माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही अशी मुलांची तक्रार असते. त्या टेबलाशी मात्र मी तासभर बोलायचो. दोऱ्या दाट असल्या की पावसात भिजून चिलखत जड होतं, थंडीत गोठतं, उवा होतात, म्हणून पुढच्या काळात दोऱ्या विरळ केल्या, असं मी सांगायचो. तो ब्रश न थांबवता म्हणायचा, “म्हंजे ह्याच्या कमी दोऱ्या रंगवल्या तरी चालतंय म्हण की. आधी का सांगितलं न्हाईस?”

आईचं ह्या माणसांशी वेगळं नातं होतं. एका खंडेनवमीला आम्ही दोघं बाहेर होतो. घरी आलो तर देवापुढं पाटावर विळी, कोयता, वडिलांची जुनी पकड, भावाच्या मेण कोरायच्या सुऱ्या, आणि त्यांच्या शेजारी कपाटातला एक सामुराय, लाल दोऱ्यांचा. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलेलं. भावाचा चेहरा पडला. तो लाल साधायला त्याला दोन महिने लागले होते आणि ओल्या हळदीचा पिवळा डाग बरोबर शिरस्त्राणावर बसला होता.

“आई, त्येला कशाला गं?”

“का? तलवार हाय की त्याच्याकडं. आज हत्याराची पूजा. घरातल्या दुसऱ्या कुणाकडं हाय तलवार?”

डाग त्यानं काढला नाही. काढला असता तर रंग गेला असता, असं तो म्हणायचा. कपाटात तो माणूस अजून पुढच्या ओळीत आहे.

त्याच्या फुप्फुसांचं दुखणं हळूहळू आलं. आधी जिना चढताना, मग बोलताना. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, डॉक्टर म्हणाले, आणि ती परत मऊ होत नाहीत. प्रयोगशाळा सुटली. घरात प्राणवायूचं यंत्र आलं, त्याची घरघर दिवसभर. नाकातोंडावर तो पारदर्शक मुखवटा घालून बसायचा. सामुरायांच्या मुखवट्याबद्दल मी पूर्वी त्याला सांगितलं होतं: लोखंडी अर्धा चेहरा असतो, मिशा लावलेल्या असतात, आणि हनुवटीखाली घाम गळून जायला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. एकदा मुखवटा बाजूला सारून तो म्हणाला, “अण्णा, ह्या कंपनीला लिव. म्हनावं, मिशा ऱ्हाऊ देत, घामाचं भोक तर पाडा.” आणि हसला, आणि हसण्यानं लागलेली ढास बराच वेळ थांबली नाही. आई स्वयंपाकघरातून ओरडली, “हसवू नको रं त्याला!”

रंगाला, रोगणाला, फवाऱ्याला बंदी आली. त्या वासानंच त्याचा श्वास अडकायचा. मला वाटलं, आता हे सुटलं. पण त्यानं दोन भाग मळून करायची पुट्टी मागवली आणि खोक्यातल्या सुट्या भागांशिवाय, पहिल्यापासून, स्वतःच्या हातानं माणूस घडवायला घेतला. लहानपणच्या मावळ्यांनंतर प्रथमच. आधीच्या सगळ्या माणसांचे कपडे कारखान्यातूनच घडून यायचे आणि बहुतेक चिलखताखाली झाकलेले असायचे. ह्याचे कपडे त्यानं केले.

“चिलखत नाही?” मी विचारलं.

“उतरवून बसलाय. पेटीत हाय.”

“लढाई झाली का व्हायचीय?”

त्यानं पुट्टीचा गोळा बोटांत फिरवला. “ते तू वाचून सांग,” म्हणाला.

हे बोलणं मला नंतर पुन्हा पुन्हा आठवलं. तसंच दुसरं एक. त्याच्याही बरंच आधी, तो धडधाकट असताना, मी त्याला वाचून दाखवलं होतं की परत यायचंच नाही असं ठरवून निघालेला सामुराय शिरस्त्राणाची दोरी हनुवटीखाली बांधल्यावर गाठीच्या पुढची टोकं कापून टाकत असे. सोडायचीच नाही तर टोकं कशाला, असा अर्थ. ऐकून तो म्हणाला होता, “आणि जिंकून घरी आला म्हंजे? बायको कातरी हुडकत बसणार.” पण नंतर त्यानं एका माणसाच्या हनुवटीखालची दोरी खरंच आखूड रंगवली होती. बघणाऱ्याला कळणार नाही इतकीच. मला बोट लावून दाखवली होती.

तो गेला. त्याबद्दल मला इथं लिहायचं नाही. दहाव्याचं एवढंच सांगतो. नदीकाठी गुरुजींनी माझ्या खांद्यावर उपरणं घालायला लावलं आणि मध्येच म्हणाले, “अपसव्य करा.” मला समजलं नाही. त्यांनी स्वतः माझं उपरणं ह्या खांद्यावरून काढून त्या खांद्यावर घातलं. “देवाचं ह्या बाजूनं, गेलेल्याचं उलट्या बाजूनं,” ते म्हणाले. “पाणीसुद्धा बोटांवरून नाही, अंगठ्याकडून सोडायचं.” मी अंगठ्याकडून पाणी सोडलं. तेव्हा मला जपान आठवला नाही. त्या गृहस्थांचा प्रश्न वाचला त्या दुपारी आठवला, आणि खांद्यावर ते ओलं उपरणं पुन्हा आल्यासारखं वाटलं.

प्रश्न एवढाच होता: त्याला ठाऊक होतं का? ठाऊक नसेल तर त्याच्या हातानं मावळ्याचा अंगरखा घातला, सवयीनं, कडोलीच्या आजोबांचा. ठाऊक असेल तर तो स्वतःचंच प्रेत घडवत माझ्यासमोर बसला होता, महिनाभर, आणि मी शेजारी बसून वाचत होतो, आणि त्यानं दोरीच्या टोकांसारखं मला बोट लावून दाखवलं नाही.

मी आमची पुस्तकं चाळली. वस्त्रांचा तो नियम एका पुस्तकात सापडला. पण त्याला मी तो वाचून दाखवला होता की नाही, काही केल्या आठवेना. मी इतकं वाचून दाखवलं होतं. काही तो ऐकायचा, काही ब्रशच्या नादात सोडून द्यायचा. पुस्तकांत त्याची खूण कुठं नव्हती, तो पुस्तकांत खुणा करायचाच नाही.

आईनं त्याच सुमारास विषय काढला. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. ती म्हणाली, “त्या माणसाला तेवढा रंग दे. फोटोपाशी ठेवू. त्याच्या हातचं शेवटचं हाय, असं मातकट कशाला ठेवायचं?” मी हो म्हटलं आणि अडकलो. रंगवायच्या आधी वस्त्राच्या बाजू बदलायला हव्या होत्या. गळ्याजवळची पुट्टी खरवडून, नवी मळून, डावी बाजू वर घ्यायची. अवघड असलं तरी अशक्य नव्हतं. भाऊ असता आणि चूक असती, तर त्यानं जेवण सोडून ती काढली असती. चूक राहिलेला माणूस तो कपाटात ठेवत नसे. पण ती चूक नसेल, तर त्याचं शेवटचं बोलणं मी सुरीनं खरवडून टाकणार होतो. आणि तसंच ठेवलं, तर आई रोज सकाळी त्याच्या फोटोपाशी एका प्रेतापुढं उदबत्ती लावणार होती, तिला न कळता.

एका रविवारी मी निपाणीला गेलो. भावाचा एक मित्र तिथं आहे, जैन, घरचं साड्यांचं दुकान. शिकताना वसतिगृहात दोघं एका खोलीत होते. तोही थोडीफार माणसं जमवतो आणि शेवटच्या काळात दर पंधरवड्याला येऊन भावापाशी बसायचा. दुकानात गिऱ्हाईक होतं. तो कानडीत एका बाईला साडीचा काठ दाखवत होता, मला बघून गादीवरची गठडी सरकवून म्हणाला, “या अण्णा, बसा. कधी आलात? सांगायचं न्हाय व्हय, फोन करून?”

बाई गेल्यावर मी खिशातून फोन काढून फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. त्यानं चष्मा वर करून फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

“मला तर बरोबरच दिसालंय,” तो म्हणाला.

“मलाही दिसलं. म्हणून तर.”

“तुमास्नी काय वाटतंय?”

“मला काही वाटत नाही. म्हणून तुझ्याकडं आलो. तुझ्याशी कधी बोलला होता का, ह्या माणसाबद्दल?”

“बोलायचा की. पण कसं बोलायचा म्हाईत हाय न्हवं? मी इचारलं, काय रं, ह्यो तुझा सामुराय रिटायर झाला काय? तर म्हणला, व्हय, पेन्शनच्या रांगेत बसलाय.” तो हसला, मग त्याचा आवाज उतरला. “अण्णा, एक सांगू? रागावू नका.”

“सांग.”

“तुमी त्येला जिता असताना इचारायला पायजे हुतं, मरायची भीती वाटत्या काय म्हणून. मीबी न्हाय इचारलं. आता त्या पुट्टीला इचारून काय हुनार?”

तो उठून आत गेला, दोघांसाठी ताक सांगून आला.

“त्येला ठाऊक हुतं असं धरा,” तो बसत म्हणाला. “मग?”

“मग तो आमच्यासमोर एकटाच होता.”

“आणि ठाऊक नव्हतं असं धरा.”

“मग त्याची चूक जगभर गेली. मी पाठवली.”

“म्हंजे दोन्हीकडनं तुमीच मार खाणार. लई हुशार हाय तुमी, अण्णा.” त्यानं ताकाचा पेला माझ्याकडं सरकवला. “मी सांगू का? त्येच्या हातांकडं बघितलं हुतं काय शेवटी? बोटं सुजून ढोलाच्या टिपरीगत झालती. सुरी धराय येत नव्हती. त्येनं ह्यो माणूस सुरीनं न्हाय केलाय. बोटानं केलाय. घरी जाऊन काचंतनं बघा.”

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून होतो आणि त्याची बोटं आठवत होतो. ह्या दुखण्यात बोटांची टोकं फुगतात, नखं गोल होतात. मला ते माहीत होतं. दुखण्याच्या लक्षणांत मी वाचलं होतं. पण त्या बोटांना सुरी धरता येत नाही हे मी वाचलेलं नव्हतं, आणि समोर बसूनही बघितलेलं नव्हतं.

घरी आल्यावर खिडकीपाशी उजेडात बसून भावाच्या कामाचं भिंग लावलं. पेटीच्या कडा, पायघोळ वस्त्राच्या चुण्या, सगळं नेहमीसारखं साफ नव्हतं. ओल्या बोटानं फिरवून सारखं केलेलं होतं. आणि छातीवर, उजवी बाजू डावीवर जिथं दाबली आहे तिथं, ठसा होता. बोटाच्या रेषा. अर्धवट, एका कडेला खोल, दुसऱ्या कडेला फिकट होत गेलेल्या. दातांच्या कामात मेणावर ठसा राहिला तर तो पूर्ण दात मोडून परत करायचा. हा ठसा त्यानं पुसला नव्हता. पुसायचं राहिलं, की ताकद नव्हती, की दिसलाच नाही, हेही आता कुणाला विचारणार?

बाजू बदलायच्या तर नेमकी तीच जागा खरवडायला लागणार होती. रंग द्यायचा तर पहिल्याच हातात त्या रेषा भरून जाणार होत्या.

आई मागं येऊन उभी होती. “काय बघालास एवढं?”

तिला सांगावं की नाही, मी काही दिवस ठरवत होतो. त्या क्षणी ठरलेलं काही उरलं नाही. मी तिला जपानातल्या माणसाचा प्रश्न सांगितला. उजवी बाजू, डावी बाजू, जिवंत, मेलेला, सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग माणूस हातात घेतला, भिंग न लावता डोळ्यांजवळ नेला.

“माझ्या बापाची बंडी हाय ही,” ती म्हणाली.

“असेल. नाहीतर त्याला ठाऊकही असेल, आई.”

“असंल.” तिनं माणूस उजेडाकडं वळवला. “त्याला सगळंच ठाऊक हुतं. डॉक्टरनं तुला भाईर बोलवून सांगितलं तवा त्यो हसला हुता मला बघून.” तिनं माणूस टेबलावर ठेवला, अगदी हळू, पेटी आधी टेकेल असा. “मी त्याला शेवटी नवा सदरा घातला, न्हवं? गुंड्या मीच लावल्या. आता ह्याचं कापड कशाला उचकटायचं?”

मी भिंग तिच्यासमोर धरून तिला ठसा दाखवला. तिनं बघितला. तिच्या डोळ्यांना तो दिसला की नाही, मला कळलं नाही. ती म्हणाली, “रंग नको देऊस मग.”

वर्षश्राद्धाला तो तसाच, करड्या-हिरव्या अंगानं, फोटोपाशी ठेवला. गुरुजींनी पुन्हा उपरणं ह्या खांद्यावरचं त्या खांद्यावर करायला सांगितलं. ह्या वेळी त्यांना माझ्या खांद्याला हात लावावा लागला नाही. निपाणीचा मित्र आला होता. जेवताना आईला म्हणाला, “काकू, तुमचा सामुराय अजून पेन्शनला बसलाय की,” आणि आईनं त्याच्या पानात आणखी एक वडा वाढला.

लोक गेल्यावर मी फोन उघडला. त्या गृहस्थांचा प्रश्न तसाच होता, खाली कुणाचंच काही नव्हतं. इतके दिवस उत्तर न दिल्याबद्दल आधी क्षमा मागितली. मग काय लिहायचं ह्यावर अडलो. ‘होय’ लिहिलं, पुसलं. ‘चुकून झालं’ लिहिलं, तेही पुसलं. शेवटी लिहिलं, ‘आमच्याकडच्या जुन्या अंगरख्याची उजवी बाजू वर असते. माझा भाऊ लहानपणापासून तसंच घडवायचा.’

त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नव्हतं, आणि ते वाचताना त्यांना कळलं असणार. थोड्या वेळानं त्यांचं उत्तर आलं: ‘कळलं. कृपया तसंच राहू द्या.’

“कुणाला लिहालास?” आईनं विचारलं. ती वाती वळत होती.

“जपानच्या माणसाला.”

“काय म्हणतोय?”

“राहू दे म्हणतोय.”

“मी काय वेगळं सांगितलं हुतं?” आई म्हणाली आणि पुढची वात वळायला घेतली. मी कपाट उघडून पाहिलं, त्याला चिलखतवाल्यांच्या ओळीत जागा होते का. होत होती. तरी मी त्याला परत टेबलावर आणून ठेवलं. तो माझ्याकडं तोंड करून बसला आहे. मी आता काही वाचत बसलो की मध्येच थांबतो आणि त्याच्या हातांकडं बघतो.